दोन फोटॉन, एकच वाट

अर्धा प्रकाश आरपार सोडणारी आणि अर्धा परतवणारी काच प्रकाशशास्त्राच्या कोणत्याही प्रयोगशाळेत सापडते. पाठ्यपुस्तकात ती किरणविभाजक असते, बोलताना सगळे बीम स्प्लिटरच म्हणतात. तिच्यावर एक फोटॉन सोडला, तर तो आरपार जाईल की परतेल हे आधी सांगता येत नाही. दोन्हींची शक्यता निम्मी-निम्मी. आता समोरासमोरच्या बाजूंनी एकेक फोटॉन एकाच क्षणी सोडला, तर काय होईल? शाळेतल्या संभाव्यतेच्या गणिताने चार प्रकार निघतात: दोघेही आरपार, दोघेही परत, पहिला आरपार आणि दुसरा परत, किंवा याच्या उलट. पहिल्या दोन प्रकारांत फोटॉन वेगवेगळ्या वाटांनी बाहेर पडतात, नंतरच्या दोहोंत एकाच वाटेने. तेव्हा शंभरातल्या पन्नास वेळा दोन्ही वाटांवरचे डिटेक्टर एकदम टिचकी देतील, असा हिशेब होतो.

फोटॉन खरोखर एकसारखे असतील, तर ही जोडटिचकी जवळजवळ येतच नाही. दोघे कधी या वाटेने जातात, कधी त्या वाटेने, पण जातात बरोबरच. चारांतले दोन प्रकार घडायचेच थांबतात. न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर विद्यापीठात चुंग की हाँग, झे-यू ऊ आणि लेनर्ड मँडेल यांनी १९८७ मध्ये हे मोजून दाखवले. त्या तिघांच्या नावाने ओळखला जाणारा हा परिणाम आज पुंज-प्रकाशशास्त्राचे मुळाक्षर आहे. टेलिपोर्टेशन, गुप्त संदेशवहन आणि फोटॉनांवर चालणारे संगणक या सगळ्यांत त्याचा वापर होतो.

कारण दोन ओळींत सांगता येते, पचायला मात्र वेळ लागतो. पुंजयामिकीत शक्यता थेट मिळवत नाहीत. घटना घडण्याच्या प्रत्येक तऱ्हेला आधी एक आयाम असतो, म्हणजे लाटेप्रमाणे उंची आणि कला असलेली संख्या. एकाच शेवटाकडे नेणाऱ्या तऱ्हांचे आयाम आधी मिळवायचे आणि मग त्या बेरजेचा वर्ग करून शक्यता काढायची. सममित काचेवरून परतताना फोटॉनची कला पाव आवर्तनाने मागे-पुढे होते. दोघेही परतले, तर दोन पाव मिळून अर्धे आवर्तन होते आणि आयामाचे चिन्ह उलटते. दोघे आरपार गेले, तर चिन्ह तसेच राहते. दोन्ही तऱ्हांचा शेवट सारखाच, म्हणजे प्रत्येक वाटेवर एक फोटॉन. त्यामुळे अधिक आणि उणे मिळून शून्य.

पण ही बेरीज करायची परवानगी एकाच अटीवर मिळते. ‘दोघे आरपार गेले’ आणि ‘दोघे परतले’ या दोन गोष्टी शेवटी कोणालाही, तत्त्वतःसुद्धा, वेगळ्या ओळखता येता कामा नयेत. एक फोटॉन किंचित तांबूस आणि दुसरा किंचित हिरवट असेल, तर रंगावरून कोण कुठून आला ते कळू शकते. मग आयाम मिळवता येत नाहीत आणि हिशेब पुन्हा शाळेतल्या गणितावर येतो. रंग कोणी प्रत्यक्ष पाहिला की नाही, याला महत्त्व नाही. पाहता येणे शक्य होते, एवढेच पुरते. म्हणून रंग, ध्रुवण, येण्याची वेळ, शलाकेचा आकार या सगळ्यांत फोटॉन एकमेकांशी जुळावे लागतात. ते कितपत जुळले हे जोडटिचक्या किती घटल्या यावरून कळते. पुढचा सगळा इतिहास या मोजमापाभोवती फिरतो.

एकसारख्या कणांची मोजणी वेगळी असते हे पहिल्यांदा ओळखले ते ढाक्यात. १९२४ मध्ये सत्येंद्रनाथ बोस यांनी प्लांकचा प्रारणनियम नव्या वाटेने सिद्ध करणारा निबंध ४ जूनच्या पत्रासोबत आइनस्टाइन यांना पाठवला. आइनस्टाइन यांनी तो स्वतः जर्मनमध्ये उतरवून छापून आणला. रुपयाची दोन नाणी दोन डब्यांत टाकायची असतील, तर चार तऱ्हा होतात, कारण हे नाणे आणि ते नाणे असा फरक करता येतो. फोटॉनांच्या बाबतीत बोस यांच्या मोजणीत तऱ्हा तीनच: दोघे डावीकडे, दोघे उजवीकडे, किंवा एकेक. तिन्हींना वजन सारखे. त्यामुळे दोघे एकत्र सापडण्याची शक्यता निम्म्यावरून दोन-तृतीयांशावर जाते. फोटॉनांचा एकत्र येण्याकडे असलेला कल या मोजणीत आधीच दडलेला होता. तो काचेवर पाहायला मिळण्यासाठी मात्र त्रेसष्ट वर्षे जावी लागली.

मधल्या काळावर पॉल डिरॅक यांच्या एका ठाम विधानाची सावली होती. १९३० च्या आपल्या प्रसिद्ध ग्रंथात त्यांनी असा निर्वाळा दिला होता की फोटॉनचे व्यतिकरण, म्हणजे आयामांची अशी बेरीज-वजाबाकी, फक्त स्वतःशीच होते, दोन वेगळ्या फोटॉनांमध्ये ते कधीच होत नाही. या म्हणण्याला आधार होता. केंब्रिजमध्ये जी. आय. टेलर यांनी १९०९ मध्येच दिव्याचा प्रकाश काजळी धरलेल्या काचांमधून इतका मंद केला होता की एका छायाचित्रासाठी सुमारे तीन महिने थांबावे लागले. तरीही सुईच्या सावलीभोवतीचे पट्टे जसेच्या तसे उमटले. एका वेळी जेमतेम एक फोटॉन असतानाही पट्टे पडत असतील, तर तो फोटॉन स्वतःशीच खेळत असणार.

पहिला धक्का खगोलशास्त्रातून बसला. रॉबर्ट हॅनबरी ब्राऊन यांचा जन्म १९१६ मध्ये निलगिरीतल्या अरुवनकाडूचा, पिंड मात्र रडार-अभियंत्याचा. त्यांनी रिचर्ड ट्विस यांच्या साथीने १९५६ मध्ये दोन वेगवेगळ्या आरशांवर व्याधाच्या ताऱ्याचा प्रकाश पकडला, दोन्हीकडच्या प्रवाहांतले चढउतार एकमेकांशी ताडून पाहिले आणि ताऱ्याचा कोनीय व्यास काढला. दोन फोटॉन आपापल्या डिटेक्टरवर योगायोगाहून जास्त वेळा एकदम येत होते. हे अशक्य आहे असे अनेक मान्यवर भौतिकशास्त्रज्ञ म्हणाले. काहींनी तसे प्रयोग करून ‘काही दिसत नाही’ असा दाखलाही दिला. पुढे एडवर्ड पर्सेल यांनी दाखवले की दिसायलाच हवे आणि विरोधकांच्या उपकरणांची ताकदच त्यासाठी कमी पडत होती.

या वादातून प्रकाशाची पुंजभाषा घडली. तिचे मोठे काम १९६३ चे. ते रॉय ग्लाउबर यांनी केले आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतून रॉचेस्टरला गेलेल्या ई. सी. जॉर्ज सुदर्शन यांनीही. २००५ चे नोबेल ग्लाउबर यांना मिळाले, सुदर्शन यांना नाही. सुदर्शन यांनी त्याबद्दलची नाराजी नोबेल समितीला उघडपणे कळवली होती आणि ती अनाठायी होती असे म्हणता येत नाही.

बर्लिनमध्ये जन्मलेले आणि लंडनमध्ये शिकलेले लेनर्ड मँडेल १९६४ मध्ये रॉचेस्टरला आले आणि डिरॅक यांच्या विधानाला त्यांनी चिवटपणे छळले. १९६७ मध्ये त्यांनी फ्लीगर यांच्यासह दोन स्वतंत्र लेसर इतके मंद केले की बहुतेक वेळा एक फोटॉन टिपला जाईपर्यंत दुसरा निघालेलाही नसे. तरीही व्यतिकरणाचे पट्टे मिळाले. फोटॉन कोणत्या लेसरमधून आला हे कळायला मार्ग नव्हता, एवढेच पुरेसे होते. फोटॉनांची खात्रीची जोडी हवी होती, ती १९७० मध्ये बर्नहॅम आणि वाइनबर्ग यांच्या कामातून मिळू लागली. विशिष्ट स्फटिकात जंबुपार फोटॉन सोडला की क्वचित तो मोडून कमी ऊर्जेचे दोन फोटॉन एकाच वेळी जन्मतात. त्यांतला एक टिपला की दुसरा वाटेत आहे हे नक्की. १९८७ मध्ये मँडेल यांच्याच गटात रूपमंजरी घोष यांनी अशा जोड्यांचे अवकाशातले व्यतिकरण दाखवले. पुढे त्या दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात प्राध्यापक झाल्या. त्याच वर्षी हाँग-ऊ-मँडेल यांचा निबंध आला.

त्या निबंधाचे शीर्षक पाहिले तर आज गंमत वाटते. त्यात व्यतिकरण आहे, पण साधन म्हणून. मुख्य विषय आहे दोन फोटॉनांमधले अतिसूक्ष्म कालांतर मोजण्याचा. आर्गॉन-आयन लेसरचा ३५१.१ नॅनोमीटरचा जंबुपार प्रकाश ८ सेंटीमीटर लांबीच्या केडीपी स्फटिकात सोडला होता. निघालेले जुळे फोटॉन आरशांवरून वळवून किरणविभाजकाच्या दोन बाजूंवर आणले जात. काच थोडी-थोडी सरकवली की एकाची वाट लांबते, दुसऱ्याची आखूड होते. प्रत्येक जागी जोडटिचक्या मोजल्या. आलेख बराच वेळ सपाट राहिला, मग अचानक खाली कोसळून काही टक्क्यांवर आला आणि पुन्हा वर चढला. अर्ध्या खोलीपाशी मोजली, तर या उलथापालथीची रुंदी काचेच्या सुमारे १६ मायक्रोमीटरच्या हालचालीएवढी होती. प्रयोगशाळांमध्ये या खळग्याला आज नुसते ‘एचओएम डिप’ म्हणतात.

खळग्याच्या रुंदीवरून फोटॉनांच्या कालांतराचा पसारा १०० फेमटोसेकंदांच्या आसपास निघाला. फेमटोसेकंद म्हणजे नॅनोसेकंदाचा दहा लाखावा भाग. डिटेक्टर आणि त्यांची इलेक्ट्रॉनिक सामग्री मात्र नॅनोसेकंदांच्या हिशेबात चालणारी. इतक्या ढिल्या घड्याळाने इतका बारीक वेळ मोजता आला, कारण वेळ घड्याळ मोजतच नव्हते, फोटॉनांचे जुळणे मोजत होते. तत्त्वतः अचूकता एका फेमटोसेकंदाच्याही खाली नेता येईल, असे त्यांनी तेव्हाच लिहून ठेवले. ही अतिशयोक्ती ठरली नाही. २०१८ मध्ये स्कॉटलंडमधल्या संशोधकांनी याच खळग्याच्या उतारावर मोजमाप करून काही अॅटोसेकंदांपर्यंत मजल मारली. अॅटोसेकंद म्हणजे फेमटोसेकंदाचाही हजारावा भाग. तेवढ्या अवधीत प्रकाश नॅनोमीटरपेक्षाही कमी अंतर कापतो.

मग खरा प्रश्न उभा राहिला: व्यतिकरण होते ते कोणाकोणाचे? दोन फोटॉन काचेवर भेटतात, एकमेकांना ओढून घेतात आणि जोडीने निघतात, असे चित्र पटकन डोळ्यांसमोर येते. लोकप्रिय लेखांतच काय, भाषणांतही ते सर्रास सापडते. ते चुकीचे आहे. फोटॉन एकमेकांवर बल लावत नाहीत. आणि काचेवर एकाच वेळी पोचण्याची गरजही नसते, हे १९९६ मध्ये मेरिलँडमधल्या यानहुआ शिह यांच्या गटाने दाखवून दिले. त्यांच्या मांडणीत दोन फोटॉन काचेवर मुद्दाम मागेपुढे पोचत, एकाची लहर संपल्यावर दुसऱ्याची येईल इतके. हा फरक काचेनंतरच्या वाटांमध्ये असा भरून काढला होता की शेवटच्या नोंदीवरून दोन तऱ्हा वेगळ्या ओळखता येऊ नयेत. खळगा दिसला. भेट झालीच नव्हती, तरी परिणाम झाला.

चार वर्षे आधी, १९९२ मध्ये, बर्कलीत पॉल क्वियाट, एफ्रिम स्टाइनबर्ग आणि रेमंड चिआओ यांनी याहून बुचकळ्यात टाकणारे काम केले होते. एका फोटॉनचे ध्रुवण त्यांनी काटकोनात वळवले. लगेच दोघांची ओळख वेगळी पटू लागली आणि खळगा बुजला. मग डिटेक्टरांच्या पुढ्यात, म्हणजे काच ओलांडून झाल्यावर, त्यांनी ध्रुवक बसवले. तिरक्या ध्रुवकातून निघालेल्या फोटॉनला आपले आधीचे ध्रुवण ‘सांगता’ येत नाही. ओळख पुसली गेली आणि खळगा परत आला. भूतकाळ बदलला, असा अर्थ यातून काढणारे तेव्हाही होते, आजही आहेत. पण त्या अर्थाची गरज नाही. आयामांची बेरीज संपूर्ण घटनेसाठी, उगमापासून डिटेक्टरपर्यंत, एकदाच करायची असते. काचेपाशी थांबून हिशेब मागितला की कोडे पडते.

डिरॅक यांचा न्याय या सगळ्यानंतर कसा करायचा? अक्षरशः घेतले, तर त्यांचे विधान टिकत नाही. पण त्यामागची जाण शाबूत राहते. व्यतिकरण होते ते एका फोटॉनचे दुसऱ्याशी नाही; ते जोडीचे स्वतःशीच होते, जोडीने घडवलेल्या एका घटनेच्या दोन तऱ्हांमध्ये. तीन फोटॉन असले तर तिघांच्या तऱ्हांमध्ये. हे समजायला भौतिकशास्त्राला साठ वर्षे लागली, यात त्यांचा दोष थोडा आणि त्यांच्या दराऱ्याचा जास्त.

खळगा दिसला म्हणजे पुंजपरिणाम सिद्ध झाला, असेही मात्र नाही. कला स्वैरपणे बदलत राहणाऱ्या साध्या लाटा काचेवर आणल्या, तरी जोडटिचक्या घटतात, पण निम्म्यापर्यंतच. म्हणून ५० टक्के ही सीमारेषा मानली जाते. खळगा त्याहून खोल गेला की साध्या लाटांचे स्पष्टीकरण अपुरे पडते. या रेषेलाही एक तळटीप आहे आणि ती बंगळुरूची आहे. रामन संशोधन संस्थेत उर्बसी सिन्हा यांच्या गटाने २०१९ मध्ये साध्याच लहरींची कला ठरवून-मोजून बदलली आणि जवळजवळ १०० टक्के खोल खळगा मिळवला. स्वैर कलेची अट सोडली की केवळ खोलीवरून निवाडा करता येत नाही. फरक दाखवायचा, तर एकाच मांडणीत कणासारखे आणि लाटेसारखे असे दोन्ही वर्तन तपासावे लागते, असे त्यांचे म्हणणे. पाठ्यपुस्तकांत हा बारकावा अजून फारसा उतरलेला नाही.

जुळे फोटॉन एकाच जंबुपार फोटॉनपासून जन्मतात, म्हणून ते एकसारखे असणे समजू शकते. वेगवेगळ्या उगमांतून आलेल्या फोटॉनांचे काय? इथे प्रश्न तत्त्वाचा राहत नाही, कारागिरीचा होतो. २००२ मध्ये स्टॅनफर्डच्या योशिहिसा यामामोतो यांच्या गटाने अर्धवाहकातल्या एका सूक्ष्म ठिपक्यातून, क्वांटम डॉटमधून, २ नॅनोसेकंदांच्या अंतराने निघालेले दोन फोटॉन जुळवून दाखवले. २००६ मध्ये फ्रान्समध्ये दोन स्वतंत्र अडकवलेल्या अणूंचे फोटॉन जुळले, पुढच्या वर्षी अमेरिकेत दोन आयनांचे. एकाच क्वांटम डॉटमधून पाठोपाठ निघणारे फोटॉन २०१६ पर्यंत ९९ टक्क्यांच्या पुढे जुळू लागले. दोन वेगळ्या क्वांटम डॉट्सचे गणित अवघड, कारण कोणतेही दोन ठिपके तंतोतंत सारखे वाढत नाहीत आणि आजूबाजूच्या विद्युतभाराच्या खळबळीने त्यांचा रंग थरथरत राहतो. बाझलच्या गटाने २०२२ मध्ये अशा दोन वेगळ्या ठिपक्यांकडून ९३ टक्के जुळणी मिळवली, तेव्हा ती बातमी ठरली.

सर्वांत धाडसी जोडी मात्र चीनमधली. पान जियानवेई आणि लू चाओयांग यांच्या गटाने २०१९ मध्ये एक फोटॉन क्वांटम डॉटमधून घेतला आणि दुसरा थेट सूर्याकडून. सूर्यप्रकाशात सगळे रंग, सगळ्या दिशा, सगळी ध्रुवणे. गाळण्यांमधून तो इतका निवडून घ्यावा लागला की उरलेला किंचित अंश प्रयोगशाळेतल्या फोटॉनसारखा असेल. खळगा जवळपास ८० टक्के खोल निघाला, ५० ची रेषा सहज ओलांडून. दोन उगमांमध्ये १५ कोटी किलोमीटरचे अंतर होते आणि त्यांचा एकमेकांशी पूर्वी कधी संबंध आलेला नव्हता. फोटॉनला स्वतःची जन्मखूण नसते, याचा याहून स्वच्छ पुरावा मिळणे कठीण.

हा परिणाम प्रकाशाची मक्तेदारी नाही. कोलोरॅडोत २०१४ मध्ये प्रकाशाच्या चिमट्यांत धरलेल्या दोन रुबिडियम अणूंनी तो दाखवला आणि २०१५ मध्ये पॅरिसजवळ पालेझो इथे हेलियमच्या अणूंनी. अणू धक्के देतात, जड असतात, तरी एकसारखे बोसॉन, म्हणजे बोस यांची मोजणी पाळणारे कण, असले तर तेही एकाच वाटेने जातात. इलेक्ट्रॉनांचे उलटे आहे. ते फर्मिऑन, त्यांच्या बेरजेतले चिन्ह वेगळे, त्यामुळे दोघे कधीच एका वाटेने जायला तयार होत नाहीत. पॅरिसमध्ये २०१३ च्या एका प्रयोगात हव्या त्या क्षणी सोडलेल्या एकेकट्या इलेक्ट्रॉनांनी तेच केले.

उपयोगांकडे वळले, तर पहिला धागा ध्रुवणाचा. दोन फोटॉनांच्या ध्रुवणाच्या चार गुंतलेल्या, म्हणजे एकाचे ध्रुवण दुसऱ्याशी बांधलेल्या, अवस्था असतात. त्यांतल्या तीन काचेवरून जोडीने बाहेर पडतात. चौथी उलट चिन्हाची. तिच्यातले फोटॉन हमखास वेगळ्या वाटा धरतात. म्हणजे जोडटिचकी आली की ‘अवस्था चौथी होती’ हे कळले. एवढ्याशा ओळखीवर १९९७ मध्ये इन्सब्रुकला आंटोन झायलिंगर यांच्या गटाने फोटॉनच्या अवस्थेचे टेलिपोर्टेशन केले. झायलिंगर यांना २०२२ मध्ये अॅलन आस्पे आणि जॉन क्लाउझर यांच्यासोबत नोबेल मिळाले. मर्यादाही इथेच आहे. साध्या आरशा-काचांनी आणि जादा फोटॉनांची मदत न घेता ही ओळख निम्म्याहून जास्त वेळा पटवताच येत नाही, हे गणिताने सिद्ध झालेले आहे.

डेल्फ्टमध्ये २०१५ मध्ये याच युक्तीने बेलच्या असमतेची, म्हणजे दूरच्या कणांमधले नाते आधीच ठरलेल्या गुणांनी समजावता येते का या कसोटीची, पहिली पळवाटविरहित परीक्षा झाली. १.३ किलोमीटर अंतरावरच्या दोन हिऱ्यांतल्या इलेक्ट्रॉनांनी एकेक फोटॉन सोडायचा, दोन्ही फोटॉन मधल्या एका ठिकाणी काचेवर आणायचे आणि ठरावीक जोडटिचकी आली की दूरचे दोन इलेक्ट्रॉन गुंतले असे धरायचे. २२० तासांत अशा २४५ खेपा साधल्या. तासाला जेमतेम एक. निष्कर्ष ऐतिहासिक होता, वेग पाहून मात्र अभियंत्यांच्या पोटात गोळा यावा.

गुप्त संदेशवहनात या खळग्याने एक व्यावहारिक भगदाड बुजवले. २०१० मध्ये नॉर्वेतल्या संशोधकांनी बाजारात विकल्या जाणाऱ्या पुंज-गुप्तलेखन यंत्रांचे डिटेक्टर प्रखर प्रकाशाने आंधळे करून किल्ली चोरता येते, हे करून दाखवले. सिद्धान्त अभेद्य होता, यंत्र नव्हते. टोरांटोच्या होइ-क्वोंग लो आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये उपाय सुचवला: दोन्ही पक्षांनी आपापले फोटॉन मधल्या तिसऱ्याकडे पाठवायचे आणि त्याने फक्त काचेवरच्या जोडटिचक्या जाहीर करायच्या. तो तिसरा शत्रूचा माणूस असला तरी चालेल, कारण टिचक्यांवरून दोन फोटॉनांमधला संबंध कळतो, मजकूर कळत नाही. इथे खऱ्या एकेकट्या फोटॉनांऐवजी मंद लेसरचे स्पंदच वापरतात. त्यांचा खळगा ५० टक्क्यांवरच अडतो, पण हिशेबात त्याची भरपाई करता येते. २०१६ मध्ये ही पद्धत ४०४ किलोमीटरच्या तंतूवर चालली.

सगळ्यांत मोठी पैज संगणकावर लागलेली आहे. फोटॉन एकमेकांकडे ढुंकून पाहत नाहीत, म्हणून त्यांच्यात तर्काचे दार उघडता-मिटता येणार नाही, अशी समजूत होती. नील, लाफ्लाम आणि मिलबर्न यांनी २००१ मध्ये दाखवले की फक्त काचा, आरसे, एकेकटे फोटॉन आणि डिटेक्टर यांवर पुंजसंगणक उभा राहू शकतो. हवे ते वर्तन एकसारख्या फोटॉनांच्या व्यतिकरणातून आणि मोजणीतून उसने घ्यायचे. दहा वर्षांनी स्कॉट आरनसन आणि अॅलेक्स अर्खिपोव्ह यांनी अधिक साधी कसोटी सुचवली. अनेक एकसारखे फोटॉन काचांच्या जाळ्यात सोडायचे आणि ते कुठे-कुठे निघाले एवढेच नोंदवायचे. त्या शक्यता ‘पर्मनंट’ नावाच्या राशीवर ठरतात. ती दिसते सारणिकासारखी, फक्त सगळीकडे अधिक चिन्ह. सारणिक संगणक चुटकीसरशी काढतो, पर्मनंट मात्र फोटॉन वाढतील तसा हाताबाहेर जातो. दोन फोटॉनांचा खळगा हे याचेच सर्वांत छोटे उदाहरण, दोन-बाय-दोनचा पर्मनंट शून्य आल्याचे.

डिसेंबर २०२० मध्ये चीनच्या ‘जिउझांग’ या यंत्राने अशाच एका प्रकारच्या नमुनेगिरीत १०० वाटांच्या जाळ्यात एका वेळी ७६ फोटॉनांपर्यंत नोंदी केल्या. २०० सेकंदांच्या या कामाला जपानच्या फुगाकू महासंगणकाला ६० कोटी वर्षे लागतील, असा दावा होता. तो आकडा जगभर छापून आला. दोन वर्षांत सुधारित गणनपद्धतींनी तो काही महिन्यांवर आणला, हे त्यामानाने कमी ठिकाणी छापले गेले. २०२४ मध्ये तर शिकागोच्या संशोधकांनी अशा प्रयोगांमध्ये वाटेत हरवणाऱ्या फोटॉनांचाच फायदा घेऊन नेहमीच्या संगणकाने तसे नमुने काढून दाखवले. एकसारखेपणा कितीही चांगला असला, तरी निम्म्याहून जास्त फोटॉन काचेत, तंतूत आणि सांध्यांमध्ये मेले, तर पुंजपणाची धार जाते.

आणि ‘जितके एकसारखे तितके एकत्र’ हा सरधोपट नियमही आता पूर्ण खरा राहिलेला नाही. २०१७ मध्ये ऑक्सफर्डमध्ये दिसून आले की तीन फोटॉन असले तर दोघादोघांची जुळणी सांगणे पुरत नाही. तिघांमध्ये मिळून एक स्वतंत्र कला असते. २०२३ मध्ये ब्रुसेल्सच्या गटाने त्याहून पुढे जाऊन विशिष्ट जाळी शोधली, ज्यांत थोडे वेगळे असलेले फोटॉन तंतोतंत एकसारख्यांपेक्षाही जास्त गर्दी करतात. दोघांवरून अनेकांबद्दल बांधलेला अंदाज चुकू शकतो, एवढे यातून कळले. त्याचा उपयोग कुठे होईल हे ठरायचे आहे.

भारतात एप्रिल २०२३ मध्ये मंजूर झालेल्या ६,००३.६५ कोटी रुपयांच्या राष्ट्रीय क्वांटम मिशनची मुदत २०३०-३१ पर्यंत आहे. चार केंद्रांपैकी संवेदन आणि मापनाचे केंद्र मुंबईच्या आयआयटीत आहे, संगणनाचे बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत. पुण्याच्या आयसरमध्येही क्वांटम तंत्रज्ञानाचे वेगळे केंद्र चालते. फोटॉनांच्या बाजूने पाहिले तर देशातली विद्वत्ता सिद्धान्तात आणि टेबलावरच्या प्रयोगांत जुनी आहे. कमतरता आहे ती एकसारखे फोटॉन देणाऱ्या चिप, उत्तम डिटेक्टर आणि ते घडवणारे कारखाने यांची.

कारखान्याचा मुद्दा इतरत्र किती पुढे गेला आहे, ते २०२५ मध्ये सायक्वांटम या कॅलिफोर्नियातल्या कंपनीने ‘नेचर’मध्ये जाहीर केलेल्या आकड्यांवरून दिसते. नेहमीच्या चिप बनवणाऱ्या ग्लोबलफाउंड्रीजच्या कारखान्यात घडवलेल्या सिलिकॉन चिपवर, वेगवेगळ्या उगमांच्या फोटॉनांचा खळगा ९९.५० टक्के खोल मिळाला. रॉचेस्टरच्या टेबलावर हाताने सरकवलेल्या काचेपासून इथवरची मजल मोठी आहे, यात शंका नाही. पण त्याच निबंधाच्या सारांशात आणखी एक वाक्यांश आहे: हे आकडे फोटॉन टिपला गेला तरच लागू, वाटेतली गळती त्यांत धरलेली नाही. एकसारखेपणाचा प्रश्न बराचसा सुटला आहे; गळतीचा नाही. तेव्हा फोटॉनांवर चालणाऱ्या संगणकाची पुढची मोठी बातमी वाचताना वाचकांनी दोन आकडे जरूर शोधावेत: खळगा किती खोल, आणि निघालेल्या शंभर फोटॉनांपैकी शेवटी पोचले किती. दुसरा आकडा दिलेला नसेल, तर बातमी अर्धीच आहे.